लागले का रे?

१

"लागले का रे?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा," मी म्हणालो.

शेडचं दार लोटलेलं होतं आणि आत काळोख होता. बाबा गाडीत बसून दिव्यांचं बटण ओढत होते, पुन्हा आत ढकलत होते. जुनं, ओढायचं बटण. प्रत्येक वेळी टक् असा आवाज व्हायचा. मी बॉनेटच्या कडेला वाकून उभा होतो आणि समोरच्या भिंतीकडे बघत होतो. दिवे लागले असते तर त्या भिंतीवर दिसले असते.

गेले कित्येक दिवस आमचा हाच कार्यक्रम होता. मी दुकानातून आलो की चहा. बाबांचा कप बशीत टेकतो न टेकतो तोच ते काठी घेऊन उठणार, "चल, राणीसरकार वाट बघतायत," म्हणणार, आणि आम्ही अंगणातून शेडमध्ये जाणार. राणीसरकार म्हणजे आमची गाडी. माझ्या लहानपणापासून घरात आहे. गोल दिवे, जाड पत्रा, आणि दार लावायचं तर आपटावंच लागतं. माझी बायको म्हणते, या घरात मान आहे तो फक्त हिलाच.

बाबांनी सगळा जन्म ड्रायव्हरकी केली. कंपनीच्या साहेबांना नेलं, शाळेच्या पोरांना नेलं, काही वर्षं रुग्णवाहिकाही चालवली. गाडीच्या कुठल्याही दुखण्याला ते पायरीपायरीनं भिडतात. त्या संध्याकाळीही त्यांनी आतून पहिल्यापासून सुरुवात केली.

"दोन्ही दिवे एकदम गेले. दोन्ही बल्ब एका दिवशी जळत नाहीत. माणसाचे डोळेसुद्धा एकदम जात नाहीत, लेका. म्हणजे बल्ब नाही. राहिलं काय? फ्यूज, रिले, अर्थिंग, नाही तर हे बटण. फ्यूज बघितलास ना?"

"पहिल्यांदा तोच बघितला. चांगला आहे."

"मग रिले खोल."

मी पान्हा उगीच खडखडवला. फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात होता.

२

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, आणि डॉक्टर नसतील तेव्हा नंबरही काढतो. लोक आपल्या वडिलांना घेऊन येतात. म्हाताऱ्याला वरच्या तीन ओळींच्या पुढे वाचता येत नाही, तरी तो म्हणतो, दिसतं हो सगळं. मग मुलगा माझ्याकडे बघतो. अशा वेळी मी छान समजावतो. आवाज खाली आणून म्हणतो, "काका, आता गाडी बंद हं. तुमच्यासाठी नाही, रस्त्यावरच्या पोराबाळांसाठी." काका ऐकतात. मुलगा माझा हात हातात घेतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्यानं केली त्यानं मला बघूनच केली असावी.

कारण बाबांना मधलं दिसेनासं झालं होतं. समोर बघितलं की मध्ये धूसर डाग, आणि दिसायचं ते फक्त कडेकडेनं. त्यामुळे त्यांना काही नीट बघायचं असलं की ते तोंड भलतीकडे वळवायचे. भिंतीकडे बघत बसले की समजावं, तुमच्याकडे बघतायत. हे मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं, आणि तरी रोज संध्याकाळी ते राणीसरकारला बाहेर काढून पुलापर्यंत चक्कर मारून यायचे. आई गेल्यापासून तेवढं एकच त्यांना उरलं होतं. दिवसा त्यांना गर्दी नको वाटे. दिवेलागणीची वेळच त्यांची.

मग एके दिवशी त्यांनी फाटकाचा खांब पाडला. वर म्हणाले, खांबच पुढे आला. आम्ही हसलो. पण त्यानंतर शेजारचे शिंपीकाका येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काल तुमच्या वडिलांची गाडी माझ्या नातीच्या फ्रॉकला घासून गेली. पोरीला नाही लागलं. फ्रॉक मी शिवला परत. पण बघा बुवा."

मी मान खाली घालून "हो, हो" म्हणत राहिलो. ते गेल्यावर बायको म्हणाली, "आज तुम्ही बाबांना सांगणार आहात."

मी सांगितलं नाही. माझ्या जिभेवर शब्दच येईनात. बाबा बूट घालत होते, फडक्यानं टोक पुसत होते, आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून शेडमध्ये गेलो. बॉनेट उघडलं. राणीसरकारला दोन्ही दिव्यांचा मिळून एकच फ्यूज. तो काढला आणि त्याच्या जागी डब्यातला जुना, जळका फ्यूज बसवला, म्हणजे चाचपलं तरी खोबण रिकामी लागू नये. दिव्यांशिवाय बाबा गाडी रस्त्यावर काढणार नाहीत, हे मी जाणून होतो. त्यांच्या लेखी ते पाप. म्हणजे साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. त्यांच्या इमानाचाच मी त्यांच्याविरुद्ध वापर केला, आणि त्या दिवशी तरी मला तो हुशारीचा वाटला.

मला वाटलं होतं, दोन दिवस कुरकुर करतील आणि सोडून देतील. पण बाबांनी स्टूल मागवलं, टेस्टर शोधून काढला आणि दुरुस्ती सुरू केली. मग मलाही सुरू करावी लागली. स्वतः केलेला बिघाड रोज नव्यानं शोधायचा. आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या हातात वायर द्यायची आणि विचारायचं, "इथं काही कळतंय का, बाबा?" दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला चपलेनं मारलं असतं.

तर त्या संध्याकाळी रिले खोलून, पुसून, परत बसवून झाला. बाबा गाडीतून उतरले, बॉनेट धरत धरत पुढे आले, आणि त्यांनी सवयीनं डाव्या दिव्यावर पंजा ठेवला. घोड्याच्या नाकावर ठेवावा तसा. मग तो तिथंच राहिला.

"काच गरम आहे," ते म्हणाले.

"पत्रा तापतो ना दिवसभर."

ते घरात गेल्यावर मी हात लावून बघितला. बंपर गार होता. बॉनेट गार होतं. दोन्ही दिव्यांच्या काचा मात्र गरम होत्या, नुकत्या विझवलेल्या दिव्यांच्या असाव्यात तशा. मी खिसा चाचपला. फ्यूज तिथंच होता.

३

शंका घ्यायची तर पहिली बाबांवरच घ्यायला हवी होती, आणि मी ती घेतली. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, त्यांनी कुठून तरी दुसरा फ्यूज मिळवला असणार. मी दुकानात गेलो की बसवत असतील, यायच्या आधी काढत असतील. म्हणजे त्यांना सगळं कळलंय आणि ते माझी मजा बघतायत. या विचारानं माझे कान तापले. मी जाऊन खोबण बघितली. जळका फ्यूज मी बसवला तसाच होता, त्याच्या टोकावर धूळसुद्धा होती.

मग ऊन, मग पत्रा, मग बॅटरीतून झिरपणारी वीज. माझं विजेचं ज्ञान काही फार नाही, त्यामुळे तिच्याकडून काहीही होऊ शकतं असं मानायला मला जड गेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी मी दुकानातून आलो तेव्हा नुकतं अंधारायला लागलं होतं. फाटकातून आत शिरलो आणि शेडच्या दाराखाली मला उजेडाची पट्टी दिसली. पिवळी, स्थिर. अंगणातल्या खड्यांच्या सावल्या तिनं लांब केल्या होत्या. मी सायकल तिथंच टाकली आणि धावलो. बाबा गाडी बाहेर काढतायत, शिंपीकाकांची नात अंगणाबाहेर खेळतेय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दार ओढलं. आत अंधार. राणीसरकार भिंतीकडे तोंड करून उभी होती. आत कोणीही नव्हतं.

"आलास का?" घरातून बाबांचा आवाज आला. "चहा निवतोय."

मी काचांना हात लावला आणि लगेच काढून घेतला. चटका बसला.

चहा घेताना मी बायकोकडे बघत होतो. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. ते माझ्याकडे बघत असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेल्यावर मी दिव्यांच्या कडा खोलून दोन्ही बल्ब काढले, कागदात गुंडाळले आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून दुकानात नेले. काचा परत बसवल्या. आता फ्यूज नाही, बल्ब नाही. आता काय लागणार कप्पाळ! तरी दिवसभर मी ती पिशवी पायाशी धरून बसलो होतो. दुपारी एक मुलगा वडिलांना घेऊन आला. म्हातारे गृहस्थ खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "मला दिसतं सगळं." मुलानं माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. मी म्हणालो, "डॉक्टर येतील इतक्यात, त्यांनाच विचारा," आणि मागच्या खोलीत जाऊन काच घासत बसलो.

४

शेडची ती समोरची भिंत बाबांनी स्वतः चुन्यानं रंगवलेली आहे. तिच्यावर कोळशानं एक आडवी रेघ आणि रेघेखाली दोन फुल्या. दिव्यांचा रोख साधायची ही त्यांची रीत. उजेडाचा मध्य बरोबर फुलीवर यायला हवा, रेघेच्या वर थेंबभरही नको. "समोरच्याच्या डोळ्यांत आपला उजेड घुसणं म्हणजे अंगावर थुंकणं," असं ते सांगत. लहानपणी मी दिव्यांशी बसून स्क्रू फिरवायचो आणि बाबा भिंतीशी उभे राहून ओरडायचे, "छोट्या, जरा डावीकडे! बास, छोट्या!" मला छोट्या म्हणणं त्यांनी कधी सोडलं ते आठवत नाही. बहुधा मी मोठा झालो तेव्हा.

बल्ब काढले त्याच संध्याकाळी आम्ही पुन्हा शेडमध्ये होतो. बाबा म्हणाले, "आज अर्थिंग बघू. बॉडीला वायर जिथं आवळलीय तिथं गंज असणार. तू घास, मी बटण ओढतो." त्यांचा आवाज खुशीत होता. मी ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटच्या कडेला वाकून पॉलिश कागदानं वायरीचं टोक घासायला लागलो. खर्रर्र, खर्रर्र. शाळेत शिक्षा म्हणून फळा पुसतोय असं वाटत होतं.

टक्, बटण ओढल्याचा आवाज आला.

भिंत उजळली.

फार नाही. आचके देणाऱ्या दिव्याचा असतो तेवढाच पिवळा उजेड होता. दोन गोल, बरोबर दोन फुल्यांवर, रेघेच्या खाली. इतका अचूक रोख कित्येक वर्षांत कोणी साधला नव्हता. मी तसाच वाकून राहिलो. मनाला म्हणालो, दाराच्या फटीतून कुठला तरी उजेड येतोय. दार माझ्या मागे होतं. मनाला म्हणालो, घासून डोळे शिणलेत. माझं कामच डोळ्यांचं आहे, शिणलेले डोळे काय दाखवतात ते मला माहीत आहे. ते असं नसतं.

उजव्या गोलात एक सावली होती. माणसाची, कमरेत वाकलेली. मी दिव्यांच्या मागे उभा होतो. माझी सावली पुढच्या भिंतीवर पडायचं काहीच कारण नव्हतं. मी हात हलवला नाही. सावलीनं हलवला. तिनं खाली हात घातला, काहीतरी अलगद उपटलं, आणि तो हात छातीपाशी, खिशापाशी नेला. एकदा मागे वळून बघितलं, मी त्या दिवशी बघितलं होतं तसंच. मग पुन्हा खाली वाकली आणि पहिल्यापासून तेच करू लागली.

मला घाम फुटला. भीतीचा म्हणावा तर तेवढाच शरमेचाही. बॉनेट अर्धवटच उघडलेलं होतं, काचेतून बाबा मला दिसत होते. भिंत त्यांच्या समोर होती.

"लागले का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि बटण आत ढकललं. अंधार झाला.

घरात जाताना मी त्यांचा दंड धरला होता. पायऱ्यांशी आल्यावर मला आठवलं की विचारताना त्यांचं तोंड पूर्ण डावीकडे, शेडच्या कोपऱ्याकडे होतं. म्हणजे ते सरळ भिंतीकडेच बघत होते.

५

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोनं दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा मी तिला सगळं सांगितलं. फ्यूजचं सांगितलं. भिंतीचं नाही सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली.

"अहो, रोज तासभर तुम्ही त्यांच्याशी नाटक करता? त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं. उद्याच्या उद्या त्यांच्या पायाशी बसा आणि सांगून टाका."

दुसऱ्या संध्याकाळी चहा झाल्यावर बाबा उठायच्या आतच मी उठलो. शेडमध्ये गेल्यावर त्यांना गाडीत बसू दिलं नाही. स्टुलावर बसवलं, राणीसरकारच्या पुढे, भिंतीच्या बाजूला. त्यांचा हात धरून पुढ्यात उकिडवा बसलो, खिशातला फ्यूज काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. बोलायचं बरंच पाठ केलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं: "बाबा, हा मी काढला होता."

त्यांनी फ्यूज बोटांत फिरवला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. दुरुस्ती करताना तू मधेच पाणी आणायला गेलास तेव्हा चाचपून बघितलं. जळक्या फ्यूजची पट्टी मधे तुटलेली असते, लेका. नखाला लागते. डोळे गेले तरी नखं आहेत."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी मान वर करू शकलो नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? दिसत नाही म्हणून सांगू? पोरीच्या फ्रॉकला गाडी लागली ते शिंप्यानं मला आधी सांगितलं होतं. पुढं गाडी चालवायची माझी छाती नव्हती, आणि चालवत नाही म्हणायलाही जीभ उचलेना. तू काढलास फ्यूज, मी सुटलो. आणि दुसरं म्हणजे, तू रोज येऊन बसायला लागलास. दिवे लागले असते तर कशाला आला असतास?"

मी रडत होतो. हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाजेच्या गोष्टी पुढे आहेत.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि हसून म्हणाले, "पण एक मात्र तुझं मला आवडलं नाही हं. फ्यूज काढलास ते ठीक. मग मी बटण ओढलं की भिंतीवर उजेड कशाला पाडतोस? आणि वर म्हणतोस, नाही लागले. म्हाताऱ्याची परीक्षा घेतोस काय, दिसतं की नाही याची?"

"बाबा," मी म्हणालो, "मी नाही पाडत."

"मग कोण?"

"मला आधी वाटलं होतं, तुम्ही."

त्यांच्या हातातला फ्यूज खाली फरशीवर पडला आणि घरंगळत गाडीखाली गेला.

आणि बटणाचा आवाज आला. टक्. गाडीत कोणी नव्हतं. बाबा माझ्या पुढ्यात होते, माझ्या हातात त्यांचा हात होता.

उजेड आला तो कालच्यासारखा मंद नव्हता. पांढराशुभ्र होता. बाबांच्या पांढऱ्या केसांच्या कडा लखलखल्या. आमच्या दोघांच्या सावल्या भिंतीवर पडल्या, एक बसलेली, एक उकिडवी. आणि तिसरी, उभी. ती आता वाकलेली नव्हती, खिशात हातही घालत नव्हती. ती दिव्यांकडून भिंतीकडे चालत येत होती, म्हणजे आमच्याकडे. दिव्यांपासून लांब येणाऱ्याची सावली लहान होत जाते. तीही होत होती. माणसाएवढी होत होती.

मी मागे वळून बघायला हवं होतं. निदान बाबांना उठवायला हवं होतं. मी त्यांचा हात सोडला. सोडला म्हणजे सुटला नाही, सोडला. आणि पळालो. गाडीच्या कडेनं, भिंतीला खांदे घासत, दाराबाहेर.

अंगणात आल्यावर पाय थांबले. दार उघडं होतं आणि उजेडाचा पट्टा अंगणात पडला होता. आत बघायचा धीर मला झाला नाही.

"लागले का रे?" आतून बाबांनी विचारलं. आवाज शांत होता.

आणि मी, एवढं रडून झाल्यावर, एवढं पायाशी बसून झाल्यावर, बाहेरून म्हणालो, "नाही, बाबा."

मग बाबा म्हणाले, "मग हात कशाला दाबतोयस एवढा? सोड. मला काही होत नाही."

६

बाबांना काही झालं नाही. थोड्या वेळानं ते स्वतःच बाहेर आले, काठी न टेकता. कोणीतरी दारापर्यंत आणून सोडावं तसे आले. माझ्याकडे तोंड वळवलं, सरळ माझ्याकडे, म्हणजे बघत नव्हते. तसेच घरात गेले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. माझ्यावर रागावलेही नाहीत. रागावले असते तर मला कुठं तरी तोंड दाखवायला जागा राहिली असती.

मी बॅटरी काढून शिंपीकाकांना दिली, त्यांच्या घरी वीज जाते तेव्हा त्यांना उपयोगी पडते. वायरी कापल्या. राणीसरकार आता नुसता पत्रा आहे.

तरी चहा झाला की बाबा उठतात. मला चल म्हणत नाहीत. अंगणातून एकटे जातात, शेडमध्ये शिरतात, दार लोटून घेतात. मग दाराखाली उजेडाची पट्टी येते. मी ओट्यावरून बघत असतो. रोज ठरवतो की आज जाईन, दार उघडीन, शेजारी स्टूल ओढून बसेन. दारापर्यंत जातोही. कडीवर हात ठेवतो.

आतून पॉलिश कागदाचा आवाज येतो, खर्रर्र, खर्रर्र. मग स्क्रू फिरवल्याचा. बाबा बोलत असतात. समोरून उत्तर ऐकू येत नाही, पण ते उत्तरासाठी थांबतात आणि मग हसतात. माझ्याशी ते इतकं कधी बोलले नव्हते.

"जरा डावीकडे," परवा ते म्हणत होते. "अजून. बास! बास, छोट्या."

माझा हात कडीवरून निघाला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोनं हाक मारली, "अहो, बाबा शेडमध्ये एकटेच आहेत का? कोणी आहे ना त्यांच्याजवळ?"

पट्टीचा उजेड माझ्या पायांवर पडला होता. मी पाय मागे घेतले.

"आहे," मी म्हणालो.